पुण्याहून क्रूझला निघताना: गाडी कुठून न्यायची आणि कुठे ठेवायची

मुंबई–गोवा किंवा मुंबई–लक्षद्वीप क्रूझचं तिकीट काढताना आपण केबिन कोणती, खिडकीतून समुद्र दिसेल का, जेवणात काय असेल, सगळं खोदून खोदून विचारतो. घरापासून बंदराच्या दारापर्यंतच्या दीडशे किलोमीटरचा विचार मात्र ‘सकाळी निघू, दुपारपर्यंत पोचू’ एवढ्यावर थांबतो. विमान चुकलं तर दुसरं मिळतं. जहाज एकदा धक्क्यावरून सुटलं की तीन-चार दिवसांची सगळी सहल हातची जाते. म्हणून हा प्रवास तिकीट काढतानाच कागदावर मांडून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. मी पुण्याचा हिशोब सांगतोय. सातारा-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी त्यात पुण्यापर्यंतचे तास मिळवावेत.

आधी वेळ उलटी मोजा

तिकिटावर दोन वेळा असतात: जहाज सुटण्याची आणि चेक-इन बंद होण्याची. आपल्या कामाची दुसरी. ती सुटण्याच्या बरीच आधी असते, कारण सामानाची तपासणी, ओळखपत्रं, बोर्डिंग हे सगळं दीड-दोन हजार माणसांचं उरकायचं असतं. ही वेळ कागदाच्या तळाशी लिहा आणि तिथून वर या.

समजा चेक-इन दुपारी ३ ला बंद होतंय. मग साडेबाराला गेटवर असायचं. पनवेलपासून गेटपर्यंत सव्वा तास धरा, म्हणजे सव्वाअकराला पनवेल. वाकड-हिंजवडीकडून पनवेलला दोन तास, वाटेत नाश्त्याला अर्धा तास आणि घाटासाठी एक तास राखीव. म्हणजे पावणेआठला गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर हवी. हडपसर-कात्रजकडच्यांनी आणखी पाऊण तास आधी निघावं.

घाटासाठीचा तो तास कापू नका. बोरघाटात एखादा ट्रेलर बंद पडला की मागे रांग लागते आणि ती कधी सुटेल हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय एक्सप्रेस-वेवर कामासाठी वाहतूक थांबवतात, ती बरेचदा दुपारी १२ ते २ या वेळात. आदल्या दिवशीच्या पेपरात किंवा महामार्ग पोलिसांच्या सूचनांत ते कळतं. गाडीत बसल्यावर शोधण्यापेक्षा रात्री झोपण्याआधी पाहून ठेवा.

गाडी मुंबईत न्यायची का, हे प्रामाणिकपणे ठरवा

दोघंच जाणार असाल आणि दोन बॅगा असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की गाडी घरी ठेवा. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटते आणि १०.२५ ला सीएसएमटीला पोचते. क्रूझ जिथून सुटते ते बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने जवळच आहे. घाट नाही, टोल नाही, पार्किंग नाही. फक्त तिकीट वेळेत काढा, कारण आरक्षण लवकर भरतं.

म्हातारी माणसं, लहान मुलं आणि पाच-सहा बॅगा असतील तर गाडीला पर्याय नाही. आमचं तसंच होतं. आईचे गुडघे दुखतात, मावशीला जिने जमत नाहीत. तेव्हा आम्ही मधला मार्ग काढला आणि तो मला सगळ्यात आवडला. आदल्या संध्याकाळी नेरूळला काकांकडे मुक्काम, गाडी त्यांच्या सोसायटीत, आणि सकाळी दोन टॅक्सी करून बंदर. यात घाटाची धास्ती उरत नाही, कारण घाट आदल्या दिवशीच मागे पडलेला असतो.

नातेवाइकांकडे गाडी ठेवणार असाल तर एक करा. ‘ठेव रे, काही नाही होत’ या आश्वासनावर जाऊ नका. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारायला सांगा आणि गाडीचा नंबर, तारखा आणि तुमचा मोबाईल वॉचमनच्या वहीत लिहून घ्या. एक किल्ली घरात द्या. कुणाची गाडी अडली तर तुमची सरकवता आली पाहिजे. तुम्ही तेव्हा भर समुद्रात असाल आणि फोनला रेंज नसेल.

रस्ता: अटल सेतू की वाशी?

पुण्याहून किवळे ते कळंबोली हा एक्सप्रेस-वे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. कारला वेगमर्यादा सपाटीवर ताशी १०० आणि घाटात ६०. आता ठिकठिकाणी कॅमेरे आहेत, त्यामुळे गेलेला वेळ घाटात भरून काढू म्हटलं तर घरी ई-चलान येतं. टोल १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये आहे. फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याचे पैसे आदल्या रात्रीच भरा.

पनवेलजवळ दोन वाटा फुटतात. एक नेहमीची: सायन–पनवेल महामार्ग, वाशीची खाडी, मानखुर्द, मग ईस्टर्न फ्री वे. वाशीच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे ही वाट स्वस्त. पण सकाळी मानखुर्दच्या बाजूला गर्दी असते.

दुसरी जेएनपीटी बंदराच्या रस्त्याने गव्हाण-चिर्ल्याकडून अटल सेतूवर. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा पूल जवळपास २२ किलोमीटरचा, त्यातले साडेसोळा समुद्रावर. कारला एकेरी टोल २५० रुपये. मी बोर्डिंगच्या दिवशी हे अडीचशे बिनतक्रार देतो, कारण पूल चढलात की शिवडीपर्यंत सिग्नल नाही आणि शिवडीला उतरतानाच फ्री वेचा जोडरस्ता मिळतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. पुलाआधीच्या रस्त्यावर कंटेनर ट्रेलरची रांग असते, तिथे घाईने ओव्हरटेक करू नका. आणि पुलावर थांबायला मनाई आहे, तेव्हा मुलांची शू-शी आणि पेट्रोल पनवेललाच उरका.

नाशिक-ठाण्याकडून येणाऱ्यांना पनवेलशी काही घेणं नाही. पूर्व द्रुतगती महामार्गाने घाटकोपर आणि तिथून फ्री वे.

शेवटचे दोन किलोमीटर सगळ्यात फसवे

फ्री वे ऑरेंज गेटपाशी पी. डि’मेलो रोडवर उतरतो. इथून पुढे घाई आणि गोंधळ. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचं काम या भागात सुरू आहे, त्यामुळे बॅरिकेड दिसले तर दचकू नका, पण पंधरा-वीस मिनिटं जास्तीची ठेवा.

मुंबई बंदराची दारं रंगांच्या नावांनी ओळखली जातात: ऑरेंज गेट, येलो गेट, ग्रीन गेट. मॅपवर नुसतं ‘मुंबई पोर्ट’ टाकलंत तर तो तुम्हाला मालाच्या ट्रकांच्या दारात नेऊन उभं करेल. एकदा आम्हीही असेच चुकीच्या फाटकात जाऊन उभे राहिलो होतो. मागे ट्रक, पुढे सीआयएसएफचा जवान, आणि बाजूने वळायला जागा नाही. त्याने शांतपणे काचेतून तिकीट पाहिलं आणि हाताने दक्षिणेकडे दाखवलं. क्रूझचं टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. तेव्हा तिकिटावर जे गेट लिहिलंय तेच नाव मॅपवर टाका आणि आदल्या दिवशी ते सेव्ह करून ठेवा.

गेटवर पोचलात की क्रम असा. आधी माणसं आणि सामान उतरवा. वयस्कर मंडळींबरोबर एक जाणतं माणूस राहील आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं त्याच्याकडे असतील. मग चालक एकटा गाडी लावायला जाईल. सहा बॅगा घेऊन पार्किंगपासून उन्हात चालत येण्याची पाळी आईवर येऊ देऊ नका.

गाडी कुठे लावायची

सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलमध्ये ३०० हून अधिक गाड्यांची सोय आहे. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण एका जहाजाच्या प्रवाशांशी ताडून बघा. शिवाय प्रश्न फक्त जागेचा नाही, रात्रींचा आहे. फोन करून नेमकं हे विचारा: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, इतक्या रात्री, गाडी ठेवता येईल का आणि किती पैसे?’ उत्तर मेसेजवर किंवा मेलवर घ्या. ‘पार्किंग आहे’ या दोन शब्दांवर निघू नका, ते सोडायला येणाऱ्यांसाठीचंही असू शकतं.

तिथे नक्की होत नसेल तर आदल्या रात्री ज्या हॉटेलात उतराल तिथेच गाडी ठेवण्याबद्दल बुकिंगच्या वेळी बोला. नवी मुंबईतल्या हॉटेलांत जागा दक्षिण मुंबईपेक्षा सहज मिळते.

बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांचा मोह मात्र टाळा. शनिवारी दुपारी त्या दगडी इमारतींमधल्या गल्ल्या रिकाम्या असतात, झाडाखाली छान सावली असते, आणि वाटतं इथेच लावू. सोमवारी सकाळी ऑफिसं उघडली की तीच जागा कुणाच्या तरी दारात असते. तासावारीच्या पे अँड पार्कमध्ये तीन रात्री गाडी सोडून जाणं हेही तसंच.

गाडी सोडताना खांबाचा किंवा जागेचा नंबर, किलोमीटरचा आकडा आणि चारही बाजूंचे फोटो घ्या. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेक बरेच दिवस ओढून ठेवला तर दमट हवेत चिकटण्याची शक्यता असते. डॅशकॅम आणि चार्जर काढा, नाहीतर बॅटरी उतरेल.

परतीचा दिवस

जहाज सकाळी धक्क्याला लागलं तरी तुम्ही लगेच बाहेर पडत नाही. गटागटाने सोडतात, सामान शोधावं लागतं, बाहेर टॅक्सीसाठी झुंबड असते. त्या दिवशी दुपारी कुणाला भेटण्याचं कबूल करू नका.

आणि वार पाहा. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी मुंबईकर लोणावळ्याकडे निघतात, म्हणजे तुमचं जहाज शनिवारी परतत असेल तर तुम्ही नेमके त्याच रांगेत. अशा वेळी मुंबईतच जेवून, दुपार उलटल्यावर निघालेलं बरं.

शेवटचं, गाडीच्या किल्लीचं. परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगितल्या, तर त्या तुम्हाला थेट टर्मिनलमध्येच मिळतात. गेल्या खेपेला आमची किल्ली बाबांच्या स्वेटरच्या खिशात, स्वेटर निळ्या बॅगेत आणि निळी बॅग सगळ्यात शेवटी आली. तेव्हापासून किल्ली आणि पार्किंगची पावती एका छोट्या पाकिटात, आईच्या खांद्यावरच्या पर्समध्ये असते.