इंजिनिअरिंग मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचंय? अर्ज भरायच्या आधी हे करा

दोन-चार वर्षं नोकरी झाली की बऱ्याच इंजिनिअरना एक गोष्ट खुपायला लागते. डिझाइन आपण करतो, रात्री जागून टेस्टिंग आपण करतो, पण ते बनवायचं की नाही, कधी बनवायचं आणि त्यात किती पैसा घालायचा हे दुसऱ्याच खोलीत ठरतं आणि त्या खोलीत आपल्याला कोणी बोलवत नाही. माझं अगदी हेच झालं होतं, म्हणून मी इंजिनिअरिंगची कामं, पैसा आणि माणसं कशी सांभाळायची ते शिकवणारी ही डिग्री केली आणि आजही वाटतं बरं केलं. पण अर्ज करताना मी बऱ्याच चुका केल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि मागच्या सहा महिन्यांत कामावर कुठल्या प्रश्नांनी तुम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते लिहून काढा. "हा पार्ट सारखा का तुटतो" टाईपचे प्रश्न जास्त निघाले तर तुम्हाला तुमच्याच शाखेतलं टेक्निकल एमएस हवंय. "प्रोजेक्ट दर वेळी का लांबतो, दोन कामांपैकी माणसं कुठल्या कामावर लावायची" असले निघाले तर इंजिनिअरिंग मॅनेजमेंट. आणि इंजिनिअरिंग सोडून बँकिंग किंवा ब्रँडच्या कामाकडेच जायचं असेल तर सरळ एमबीएचा विचार करा, उगाच मधला रस्ता म्हणून इकडे येऊ नका.

आता कॉलेज निवडणं, आणि इथे खरंच वेळ द्या, कारण डिग्रीचं नाव एकच असलं तरी आत शिकवतात ते फार वेगळं असू शकतं. हा विषय काही कालचा नाही, अमेरिकेत मिसुरीतल्या रोला इथल्या युनिव्हर्सिटीत १९६७ मध्येच याचं वेगळं डिपार्टमेंट सुरू झालं आणि १९७९ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर इंजिनिअरिंग मॅनेजमेंट ही संस्था निघाली, जी मास्टर्स प्रोग्रॅम तपासून सर्टिफायसुद्धा करते. तरीही प्रत्येकाचा कल वेगळा. अमेरिकेतल्याच ड्यूक युनिव्हर्सिटीत मार्केटिंग, फायनान्स, कायदा हे कोअरमध्येच, म्हणजे सक्तीच्या विषयांतच आहे. एमआयटीच्या एसडीएम (सिस्टिम डिझाइन अँड मॅनेजमेंट) प्रोग्रॅममध्ये भर सिस्टिम डिझाइनवर आहे, आणि तिथलाच एलजीओ (लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स) प्रोग्रॅम तर दोन वर्षांत एमबीए आणि इंजिनिअरिंगचं एमएस अशा दोन डिग्र्या देतो. काही ठिकाणी ऑप्टिमायझेशन आणि क्वालिटीचं गणितच जास्त असतं.

म्हणून मी सांगतो ते करा, कोर्सची यादी डाऊनलोड करा आणि तीन रंगांचे मार्कर घ्या, पैशाचे विषय एका रंगात, माणसांचे दुसऱ्या, गणिताचे तिसऱ्या. पाच मिनिटांत कळतं प्रोग्रॅम कुठे झुकलाय. मग मागच्या दोन सेमिस्टरचं टाइमटेबल शोधा, कारण यादीत असलेला प्रत्येक इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीने निवडायचा विषय, दर वर्षी शिकवतातच असं नाही, मी ज्या एका विषयासाठी कॉलेज निवडलं तो माझ्या अख्ख्या कोर्समध्ये एकदाही लागला नाही. पुढे पीएचडी डोक्यात असेल तर थिसिसचा पर्याय आहे का तेही आत्ताच बघा, बऱ्याच ठिकाणी फक्त कॅपस्टोन, म्हणजे शेवटी एखाद्या खऱ्या प्रश्नावर करायचा प्रोजेक्ट असतो.

अनुभवाबद्दल लोक खूप विचारतात. फ्रेशर्सनाही बऱ्याच ठिकाणी घेतात, पण माझं स्पष्ट मत आहे की किमान दोन वर्षं काम करून या. वर्गात लिटलचा नियम शिकवतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला, की रांगेत सरासरी किती कामं आहेत ते म्हणजे कामं येण्याचा वेग गुणिले एक काम आत राहतं तो सरासरी वेळ. ऐकायला साधा वाटतो. पण तुमच्या टीमकडे ३० चेंज रिक्वेस्ट (बदल करून द्या अशा मागण्या) पडून आहेत, आठवड्याला ५ येतात आणि ५ च निपटतात, म्हणजे आज आलेली रिक्वेस्ट सरासरी ६ आठवड्यांनी सुटणार, मग कोणी कितीही "अर्जंट" लिहिलं तरी! ज्याने हे भोगलंय त्याला तो नियम आयुष्यभर लक्षात राहतो. तेच पर्टचं, म्हणजे प्रोजेक्टचं वेळापत्रक आखायच्या पद्धतीचं, १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन नेव्हीच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या प्रोजेक्टसाठी ते काढलं, पण स्वतःचं शेड्यूल कोसळलेलं पाहिल्याशिवाय क्रिटिकल पाथ (कामांची अशी साखळी की तिच्यातलं एक लांबलं तर अख्खा प्रोजेक्ट लांबतो) म्हणजे काय ते आतून कळत नाही.

एसओपीचा, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या "मला हे का शिकायचंय" या निबंधाचा, माझा पहिला ड्राफ्ट "लहानपणापासून मला मशीनची आवड" असा होता, तो मी फाडला ते चांगलंच झालं. त्याऐवजी एकच निर्णय घ्या, तुमच्यासमोर झालेला, आणि तो नीट मांडा. काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, कोणी काय ठरवलं, परिणाम काय झाला आणि आज तुमच्याकडे कुठलं ज्ञान असतं तर तुम्ही वेगळं काय केलं असतं. ते ज्ञान त्यांच्या कुठल्या कोर्समध्ये मिळेल ते नावानिशी लिहा. बस, एसओपी तयार.

रेकॉमेंडेशनसाठी मोठ्या पदाच्या मागे लागू नका, ज्या मॅनेजरने तुम्हाला अडचणीत काम करताना पाहिलंय त्याच्याकडून घ्या, आणि त्याला दीड महिना आधी सांगा, सोबत तुमच्या कामाचे चार मुद्दे लिहून द्या.

पैशाचं आधीच धरून चाला की ही प्रोफेशनल डिग्री आहे, रिसर्चवाल्या एमएससारखी असिस्टंटशिप (प्रोफेसरला कामात मदत करून मिळणारे पैसे) इथे सहज मिळत नाही. नोकरी सोडणं परवडत नसेल तर पार्टटाइम करा, त्यात काही कमीपणा नाही, उलट सोमवारी शिकलेलं मंगळवारी कामावर वापरून बघता येतं.

प्रवेश मिळाल्यावर मधले महिने वाया घालवू नका. स्टॅटिस्टिक्स परत काढा, हायपोथेसिस टेस्टिंग आणि रिग्रेशनपर्यंत तरी, आणि बॅलन्स शीट वाचायला शिका, कारण पहिल्याच सेमिस्टरला फायनान्समध्ये इंजिनिअर लोक अडखळतात, गणित जमत नाही म्हणून नाही तर शब्दच ओळखीचे नसतात म्हणून.

आणि हो, कॉलेज फायनल करायच्या आधी तिथून पास झालेल्या दोघा-तिघांशी बोला. त्यांना पॅकेज विचारत बसू नका, तुमचा कॅपस्टोन कुठल्या प्रश्नावर होता आणि ज्या कंपनीसाठी केला तिने तो पुढे वापरला का, एवढंच विचारा.