पाय मुरगळलाय की हाड मोडलंय?

‘बोटं हलतात, म्हणजे हाड शाबूत’ हा ठोकताळा खोटा आहे. मोडलेल्या घोट्याचीही बोटं हलतात. सुजेवरूनही कळत नाही, नुसता मुरगळलेला पायही टम्म फुगतो. दुखण्याची नेमकी जागा शोधा.

१. घोट्याच्या बाहेरच्या हाडाची मागची कड टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत (जवळपास तीन-चार बोटं) दाबत जा. आतल्या बाजूलाही तसंच. हाडाच्या पुढचा, खालचा मऊ भागच दुखत असेल तर बहुधा मुरगळलाय.
२. पावलाच्या बाहेरच्या कडेवर, मध्याजवळ करंगळीच्या रेषेत हाडाचा उंचवटा लागतो, तो दाबा. पाय आत वळला की हे हाडही मोडू शकतं आणि घोट्याच्या नादात ते तपासायचं राहून जातं. आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे-खाली असलेलं हाडही दाबा.
३. कुठेच हाड दुखलं नाही तर चार पावलं टाका. लंगडत टाकली तरी चालेल.

हाडावर कळ आली किंवा चार पावलं जमली नाहीत, तर एक्स-रे काढा. तोवर चोळू नका.

पाऊल वाकडं, गार किंवा बधिर असेल तर तपासत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. लहान मुलं, दारू प्यायलेला माणूस, मधुमेहाने पायाची संवेदना गेलेले, यांच्यात ही चाचपणी फसते.