मोठ्यांना वाचायला शिकवताना फोन असा वापरा
फोन शिकणाऱ्याच्याच हातात द्या, आपण बोट लावू नका. कीबोर्डवरचा माईक दाबून त्यांना स्वतःबद्दल एक वाक्य बोलायला सांगा. आपलंच बोलणं अक्षरांत उमटलेलं दिसलं की वाचायची ओढ लागते. फोन कधीकधी चुकीचं लिहितो. ती चूक त्यांनाच शोधू द्या, याहून चांगला सराव मला माहीत नाही. मग ते वाक्य वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून घ्या. घरच्या अभ्यासासाठी मी व्हॉइस मेसेज पाठवते: हवा तितक्या वेळा ऐकता येतो, कुणापुढे लाजावं लागत नाही. मुलांची कार्टूनवाली ॲप्स टाळा. संसार चालवलेल्या माणसाला बाळबोध चित्रं दाखवणं मला अपमानाचं वाटतं. आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे मुळाक्षरांच्याही आधी शिकवा.