कापरेकरांच्या ६१७४ चं चित्र असं काढा

नाशिकरोडच्या सिग्नलला उभं राहिलं की समोर एमएच १५ च्या पाट्यांची रांग लागते. प्रत्येक पाटीवर चार आकडे. आमच्या सोसायटीतल्या नववी-दहावीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना मी सुरुवात तिथूनच करते, कारण चार अंकी संख्यांमधलं ६१७४ चं गुपित शोधणारे गणितज्ञ द. रा. कापरेकर सर इथल्याच देवळालीत शाळामास्तर होते. त्यांचं गणित नाशिकच्या मुलांनी आपल्या हातांनी करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी कागदावर करा. सरांचं जन्मवर्ष घ्या, १९०५. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजा करा: ९५१० − ०१५९ = ९३५१. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. चारही अंक सारखे नसले, तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचते.

आता कोड. वजाबाकीचं फंक्शन चार-पाच ओळींत होतं. सांभाळायचं एकच: प्रत्येक वेळी डावीकडे शून्यं भरून संख्या चार अंकी ठेवा. १११२ पासून ०९९९ येतं. ते नुसतं ९९९ धरलंत तर पुढच्या वजाबाकीत शून्य हाती येईल.

बहुतेक जण इथे थांबतात. तुम्ही थांबू नका, ०००० ते ९९९९ सगळ्या संख्या एकदम चालवा. १०० बाय १०० चा तक्ता करा: ओळ म्हणजे पहिले दोन अंक, स्तंभ म्हणजे शेवटचे दोन, आणि चौकटीत पायऱ्यांची संख्या. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीतल्या इमशो (imshow) फंक्शनला तो तक्ता द्या, ते आकड्यांचं रंगीत चित्र करतं. पैठणीच्या काठासारखी नक्षी उमटते, कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी, कारण १२३४ आणि ३४१२ चे अंक तेच. कर्णावरच्या दहा चौकटी, ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या, रिकाम्या राहतात. पायऱ्यांचा स्तंभालेखही काढा: सर्वांत उंच खांब तीन पायऱ्यांचा, २४०० संख्यांचा, त्याखालोखाल सात पायऱ्यांचा, २१८४ चा.

नक्षी का उमटते, हे मुलांना शोधू द्या. खरी मजा त्यातच आहे. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकी होते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे अंक कुठलेही असोत, उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. अशा जोड्या ५४ च. जवळपास दहा हजार संख्या पहिल्याच पायरीला ५४ उत्तरांत गोळा होतात! हे प्रिंट करून खात्री करून घ्या.

तीन अंकांवर हेच करा, ४९५ मिळेल.

त्यानंतर देवळाली संख्या. १ पासून प्रत्येक संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा आणि येणाऱ्या उत्तरावर खूण करा. २१ मधून २४ येतं, म्हणून २४ वर खूण. ज्यांच्यावर खूण होत नाही त्या देवळाली, म्हणजेच स्वयंभू संख्या: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३... लगतच्या दोन संख्यांमधल्या अंतराचा आलेख काढा. ५०० पर्यंत २ आणि ११ यांखेरीज अंतर दिसत नाही. १००० ओलांडताना ही चाल टिकते का, ते आलेखच सांगेल.