कांद्याचं रडगाणं नेमकं कुणाकडं गायचं? केंद्र की राज्य, ओळखायची सोपी पद्धत

डिसेंबर 2023 मध्ये आमचे निफाडचे मामा तावातावाने बाजार समितीत गेले आणि तिथल्या क्लार्कला म्हणाले निर्यातबंदी उठवा. तो बिचारा काय उठवणार, त्याच्या हातात पावतीपुस्तक. मामा अर्धा दिवस भांडून आले आणि भाडं गेलं ते वेगळंच. तेव्हापासून घरात कुणी "सरकारने असं केलं" म्हटलं की मी आधी विचारतो, कुठल्या सरकारने?

तर हे ओळखायचं कसं. राज्यघटनेचं सातवं परिशिष्ट डोक्यात ठेवा, त्यात तीन याद्या आहेत. केंद्र सूची, राज्य सूची आणि दोघांची मिळून समवर्ती सूची. तिन्हीत नाही तो विषय केंद्राचा. पूर्ण याद्या पाठ करायची गरज नाही (एमपीएससीवाल्यांनी करा), आपला विषय कुठल्या यादीत बसतो एवढंच शोधायचं.

कांदाच घ्या. शेती राज्याची, बाजारही राज्याचा, म्हणून लासलगावचा लिलाव 1963 च्या महाराष्ट्राच्या कायद्यावर चालतो. व्यापाऱ्याने पैसे थकवले, हमालीवरून भांडण झालं, की बाजार समिती, तिथं नाही जमलं तर सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक. पण तोच कांदा कंटेनरमधून बंदरावर पोचला की राज्य संपलं, परदेशी व्यापार केंद्र सूचीत आहे. 8 डिसेंबर 2023 ला निर्यात बंद केली ती दिल्लीने, 4 मे 2024 ला उघडली तीही दिल्लीनेच, वर टनाला किमान 550 डॉलर भाव आणि 40 टक्के शुल्क लावून, आणि ते शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. म्हणजे मामांनी खासदाराला गाठायला हवं होतं, आमदाराला नाही. आमदार फार तर पत्र लिहील, आणि त्या पत्राचा फोटो स्टेटसला ठेवील.

आता खरी गोम. कायदा कुणाचा आणि खुर्ची कुणाची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक फसतात ते इथंच. गाड्यांचा विषय समवर्ती, कायदा 1988 चा केंद्राचा, पण एमएच 15 चा नंबर देणारं आरटीओ ऑफिस राज्याचं. 2019 ला केंद्राने दंड वाढवले तेव्हा महाराष्ट्रात ते लगेच लागू झाले नव्हते, आठवतंय ना? म्हणून लायसनचं काम अडलं तर राज्याकडं जा, नियमच चुकीचा वाटतो तर दिल्लीला लिहा. आणि समवर्ती विषयात दोघांचे कायदे एकमेकांच्या आड आले तर साधारणपणे केंद्राचा चालतो, राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेली असेल तर मात्र त्या राज्यापुरता राज्याचा. शिक्षण आणि जंगल आधी राज्याकडं होतं, 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने समवर्तीत गेलं, त्यामुळं जुनं पुस्तक वाचून वाद घालू नका.

पैशाचं कळायला मिसळीचं बिल बघा. खाली सीजीएसटी अडीच टक्के आणि एसजीएसटी अडीच टक्के, पहिला केंद्राचा, दुसरा राज्याचा, एकाच तर्रीत दोघांचे पाव. दारू (आपल्याकडची वाइन धरून) राज्याची. पेट्रोलवर तर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट दोन्ही, म्हणून तिथं दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात आणि दोघंही खरं बोलतात.

रस्त्यांचं पटकन सांगतो. मुंबई-आग्रा हायवे केंद्राचा. कॉलनीतला रस्ता महापालिकेचा, आणि महापालिका म्हणजे राज्य, कारण स्थानिक स्वराज्य संस्था राज्य सूचीत आहेत. देवळाली कॅम्पात मात्र छावणी परिषद, ती संरक्षण मंत्रालयाखाली. पोलीस राज्याचे. नोटा छापणारा नाशिकरोडचा प्रेस अर्थातच केंद्राचा. आणि सातबारा पूर्ण राज्याचा, यात दिल्ली कुठंच नाही.

या सातबाऱ्यावरून मी स्वतः गाढवपणा केलाय. फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) अडकला म्हणून आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाकला, तो घाईत केंद्राच्या पोर्टलवर. अर्ज परत आला आणि 10 रुपये फी पण बुडाली, राज्याचं पोर्टल वेगळं आहे. कागदावर अर्ज देणार असाल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(3) लक्षात ठेवा, चुकीच्या ऑफिसला गेला तरी त्यांनी 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, काउंटरवर "आमच्याकडं येत नाही" ऐकून घरी परत यायचं नाही. साध्या तक्रारीला केंद्रासाठी "सीपीग्राम्स" पोर्टल, राज्यासाठी "आपले सरकार" पोर्टल.

आता सिंहस्थाच्या (नाशिकच्या कुंभमेळ्याच्या) तक्रारी सुरू होतीलच. घटनेत यात्रेचेही दोन भाग केलेत, देशाबाहेरच्या यात्रा केंद्राकडं आणि देशातल्या राज्याकडं. म्हणजे घाट, तंबू, बंदोबस्त यावर बोंब मारायची तर मंत्रालयाकडं तोंड करून, आणि नाशिकरोडला जादा रेल्वेगाड्या पाहिजेत तर दिल्लीकडं.