पोतोसीला जाण्याआधी सुक्रे

बोलिव्हियातल्या पोतोसीची तयारी पासपोर्ट-व्हिसापासून सुरू होते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. माझं सांगणं त्यापुढचं आहे: पोतोसी फार उंचावर आहे, तिथली हवा विरळ; म्हणून आधी त्याहून खालच्या सुक्रे शहरात दोन रात्री मुक्काम करा. मी केला नाही. ला पाझजवळच्या एल आल्टोला विमानातून उतरले, रात्रीची बस धरली आणि सकाळी पोतोसीत पोचले ती डोकं धरूनच. घोटभर पाणीही पोटात ठरेना. दोन दिवस अंथरुणात गेले. चांदीची नाणी पाडायच्या ज्या जुन्या टांकसाळीसाठी एवढ्या लांब गेले होते, ती न बघताच परतले. त्याची हळहळ अजून जात नाही.

सुक्रे साधारण २,८०० मीटरवर आहे, पोतोसी ४,००० च्या वर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट. सह्याद्रीत कितीही गड चढला असाल तरी इथे ती सवय कामी येत नाही. तरुण आहोत, व्यायाम करतो, हेही चालत नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. आणि गोळी घेतली म्हणून सुक्रे गाळू नका! कोकाच्या पानांचा चहा मिळतो, जरूर प्या. पण त्याच्या भरवशावरही सुक्रे गाळू नका.

गरम कपडे, सनस्क्रीन, रोख बोलिव्हियानो. टांकसाळीच्या दगडी दालनांत भरदिवसाही गारठा असतो, तिथेही स्वेटर लागेल. खेचरांच्या बळावर फिरणारी, चांदीचे पत्रे काढायची लाकडी यंत्रं तिथे आहेत. ती बघायला वेळ ठेवा.

सेर्रो रिको या चांदीच्या डोंगरातल्या खाणीत उतरायचं की नाही, हे घरीच ठरवा. १५४५ पासून पोखरलेला डोंगर आहे, माथा खचतोय. २०१४ मध्ये युनेस्कोने पोतोसीला धोक्यातल्या वारशाच्या यादीत घातलं. आत माणसं आजही राबतात, दगडाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं निकामी होतात. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. खाणकामगारांच्या बाजारातून त्यांच्यासाठी कोकाची पानं, शीतपेय न्या. चांगला मास्क इथूनच न्या. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर जाऊच नका.

पहिल्या दिवशी चढ नको, दारू नको, जेवण हलकं. श्वास बसल्याजागीही लागत असेल तर थांबू नका, खाली सुक्रेला उतरा. उंचावरच्याच उयुनी गावाहून येणार असाल आणि तिथे दोन-तीन रात्री काढल्या असतील, तरच सुक्रे वगळलं तर चालेल.