दारू सुटली, पण डोकं अजून जागेवर नाही: घरच्यांनी काय करायचं

पाच आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात राहून माणूस घरी येतो. पीत नाही, पण गॅस चालू ठेवून बाहेर पडतो, तोच प्रश्न चारदा विचारतो. घरचे म्हणतात, ऐकतच नाही. बहुतेक वेळा त्याच्या लक्षातच राहिलेलं नसतं.

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बरळणं सुरू होऊ शकतं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

सगळ्यात मोठी चूक होते ती सलाईनपाशी. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" म्हणून पेशंटला जवळच्या दवाखान्यात नेतात. शरीरात थायमिनचा (बी-१ जीवनसत्त्वाचा) साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. पिणारा धड जेवत नाही आणि खाल्लेलं थायमिन त्याचं आतडं नीट शोषत नाही. त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही ते पचवण्यात खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. म्हणून स्पष्ट सांगा: "रोज पितात, जेवण नाही, थायमिनचं इंजेक्शन आधी द्याल का?" साखर फार उतरली असेल तर डॉक्टर दोन्ही बरोबरच देतील, तिथे अडून बसू नका.

गोंधळलेपणा, चालताना झोक जाणं, बुबुळं थरथरणं किंवा एकाचं दोन दिसणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. तिन्ही एकत्र दिसण्याची वाट पाहू नका, तसं क्वचितच होतं. इथे गोळ्यांनी भागत नाही, थायमिन शिरेतूनच द्यावं लागतं. वेळ गेली तर नवीन आठवणी टिकेनाशा होतात. मग सकाळपासून घरातच असलेला माणूस "आत्ताच नाशिकहून आलो" असं ठासून सांगतो. तो थापा मारत नसतो, रिकामी जागा मेंदू आपणच भरतो. त्यावरून भांडू नका.

स्मरणशक्तीची चाचणी दारू सुटून निदान दोन-चार आठवडे झाल्यावरच करा. त्याआधीचे गुण फसवे असतात. झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा शिक्षण कमी असेल, तर तेही तपासणाऱ्याला सांगा.

लक्ष लागणं पहिल्या काही आठवड्यांत सुधारायला लागतं. नवीन गोष्ट लक्षात ठेवणं, बेत आखणं, पैशांचा हिशेब यांना अनेक महिने, कधी वर्षभरही लागतं. तोवर एटीएम कार्ड घरच्यांकडे, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकीची किल्लीही.

शिकवताना "आठव बघू" म्हणू नका. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच पक्कं होतं. गोळ्यांचा डबा कुठे, हे आधी तुम्हीच सांगा, दाखवा. मग एक मिनिटाने, पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने त्याच्याकडून करून घ्या. डब्याची जागा बदलायची नाही. एका वेळी एकच काम सांगा आणि दिवसाची कामं एकाच वहीत लिहा.

सुधारता सुधारता माणूस पुन्हा सुस्त झाला, डोकं दुखतं म्हणाला किंवा एक हात लुळा वाटला, तर डोक्याचा सीटी स्कॅन लागेल. दारूत पडल्याचं त्याला आठवत नसतं, पण कवटीच्या आत रक्त आठवडेन् आठवडे साचत राहू शकतं. दिवसा झोप, रात्री जाग आणि पुढे धरलेले पंजे फडफडत असतील, तर यकृत तपासून घ्या. जवळचं केंद्र माहीत नसेल तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.